मानेस प्रदर्शन मंडप, प्राग

प्राग शहरातील कलाप्रदर्शनांसाठी बांधलेली, आता अस्तित्वात नसलेली वास्तू. व्हल्टावा नदीच्या डाव्या तीरावर, पेत्रशिन टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या किन्स्की बागेजवळ ती १९०२ मध्ये उभी राहिली आणि १९१७ मध्ये पाडण्यात आली. ‘मानेस’ या चित्रकार-शिल्पकारांच्या संस्थेचे ते पहिले स्वतःचे प्रदर्शनस्थळ होते. चेक चित्रकार योसेफ मानेस यांच्या नावाने १८८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १८९६ पासून ‘वोल्ने स्म्येरी’ हे कलाविषयक नियतकालिक चालवीत होती. तिची प्रदर्शने मात्र तोवर दुसऱ्यांच्या दालनांत भरत.

मंडप बांधण्याचे निमित्त होते फ्रेंच शिल्पकार ऑग्यूस्त रोदँ यांच्या शिल्पांचे प्रदर्शन. पॅरिसमध्ये १९०० साली रोदँ यांनी आपल्या कामासाठी स्वतंत्र मंडप उभारला होता. त्यानंतर दोनच वर्षांत त्यांच्या शिल्पांचा एवढा मोठा संच फ्रान्सबाहेर नेण्याचे धाडस प्रागच्या तरुण कलावंतांनी केले. रोदँ यांच्या कार्यशाळेत काम करणारे चेक शिल्पकार योसेफ मार्झात्का यांची मध्यस्थी यात मोलाची ठरली. शहरात योग्य जागा नव्हती, म्हणून जागाच बांधायची असे ठरले. व्हिएन्नात ओटो वाग्नर यांच्याकडे शिकून आलेले वास्तुकार यान कोत्येरा तेव्हा तिशी ओलांडून जेमतेम पुढे गेले होते. त्यांनी लाकडी सांगाड्यावर गिलावा केलेली, तात्पुरती म्हणूनच आखलेली इमारत दिली. व्हिएन्नातील ‘सेसेशन’ या नव्या शैलीच्या कलावंत-संघटनेची पक्की वास्तू चार वर्षांपूर्वीच झाली होती. त्या नव्या शैलीची छाप इथेही होती, पैशाचे बळ मात्र तेवढे नव्हते.

प्रदर्शन मे महिन्यात सुरू झाले. खुद्द रोदँ प्रागला आले, तेथून चेक चित्रकार आल्फोन्स मुखा यांच्यासह मोराव्हियातही गेले. त्यांच्या स्वागताचा थाट केवळ कलेसाठी नव्हता. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात राहणाऱ्या चेक लोकांना व्हिएन्ना वगळून थेट पॅरिसशी नाते जोडायचे होते, आणि रोदँ हे त्या नात्याचे जिवंत प्रमाण होते.

रोदँ परतले, मंडप राहिला. पुढच्या प्रदर्शनांपैकी सर्वांत खोल परिणाम नॉर्वेजियन चित्रकार एडवर्ड मुंक यांच्या १९०५ मधील प्रदर्शनाचा झाला. जुन्या जाणकारांपैकी अनेकांना ते रुचले नाही. समीक्षक फ्रांतिशेक शाल्दा यांनी मात्र मुंक यांच्यावर गंभीर निबंध लिहिला. एमिल फिल्ला, बोहुमिल कुबिश्ता आदी तरुणांसाठी हे प्रदर्शन वळणाचे ठरले. त्यांच्या ‘ओस्मा’ (आठजण) या गटाचे पहिले प्रदर्शन १९०७ मध्ये भरले, तेही या मंडपात नव्हे, तर भाड्याने घेतलेल्या एका दुकानवजा जागेत. बाहेरच्या नव्या कलेला दार उघडणाऱ्या संस्थेला घरातली नवी कला पचायला वेळ लागत होता, असेच म्हणावे लागते.

मंडपात त्याच वर्षी, १९०७ मध्ये, फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रे आली, १९०९ मध्ये शिल्पकार आंत्वान बूर्देल यांचे प्रदर्शन झाले आणि १९१० मध्ये पॅरिसच्या ‘स्वतंत्र’ चित्रकारांचे. या शेवटच्या प्रदर्शनातील आंद्रे दरँ यांचे स्नान करणाऱ्या स्त्रियांचे चित्र तरुण कलावंतांनी वर्गणी काढून प्रागसाठी विकत घेतले. आज ते तेथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. १९११ मध्ये घनवादाकडे झुकलेले सदस्य संस्थेतून बाहेर पडले. तरीही १९१४ च्या आरंभी, फ्रेंच लेखक आलेक्सांद्र मेर्सरो यांनी पॅरिसमध्ये निवडलेल्या कामांचे आधुनिक कलेचे मोठे प्रदर्शन येथेच भरले. ब्रांकूश, मोंद्रियान, दलोने यांची कामे त्यात होती. त्या उन्हाळ्यात महायुद्ध पेटले.

एका प्रदर्शनापुरती म्हणून आखलेली ही इमारत पंधरा वर्षे टिकली. ती पाडल्यानंतर संस्थेला स्वतःची पक्की वास्तू मिळायला १९३० साल उजाडले. नदीकाठी, जुन्या पाणचक्क्यांच्या जागी झालेली ती पांढरी, साधी इमारत कोत्येरा यांचेच शिष्य ओताकार नोवोत्नी यांची आहे. तिच्या शेजारचा जुना पाण्याचा बुरूज त्यांनी तसाच राहू दिला.