पाया पक्का होईपर्यंत थांबायचं का?

"मुलांना साधा भागाकार येत नाही आणि तुम्ही प्रतिमानं कसली शिकवताय?" अध्यापक विद्यालयात गणिती प्रतिमानांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. आधी क्रिया पक्क्या व्हाव्यात, प्रत्यक्षातल्या गुंत्याला गणिताचं रूप देणं नंतर, आणि तेही अभियांत्रिकीकडे वळणाऱ्यांनी शिकावं, असं हे मत आहे. पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगड-जव्हारच्या शाळेत उद्या फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या डी.एल.एड.च्या मुलीला पाठ टाचण नीट काढता आलं की पुरे, असं ते मानतं.

या मताला आधार आहे, हे मान्यच करायला हवं. 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींपैकी जेमतेम ४३ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. पट्टीवर वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी लांबी बरोबर सांगितली. तीच दुसऱ्या खुणेपासून ठेवली तेव्हा फक्त ३९ टक्क्यांनी. इथे लागणारी वजाबाकी अगदी लहान संख्यांची आहे. अडलं ते इथे वजाबाकी करायची आहे हे ओळखण्यापाशी. क्रिया घोटून ही ओळख आपोआप येते, हे गृहीतच या आकड्यांसमोर टिकत नाही. ती ओळखही पायाचाच भाग आहे आणि ती वेगळी शिकवावी लागते.

यावर दुसरं उत्तर तयार असतं: शाब्दिक उदाहरणं आहेतच की! दहावीच्या पुस्तकातलं 'अर्थनियोजन' प्रकरण पाहा. विषय रोजच्या व्यवहारातला, जीएसटीचा आणि शेअर्सचा. चांगलं प्रकरण आहे. पण किंमत दिलेली, दर दिलेला, लागणार नाही अशी एकही संख्या सहसा नाही. विद्यार्थ्याने ठरवायचं असं काही उरतच नाही.

आता बोईसर स्टेशनाबाहेर या. पहिल्या पाळीच्या वेळी गाड्या रिकाम्या होतात आणि माणसं तारापूर एमआयडीसीकडे निघतात. शेअर रिक्षा किती लागतील? पुस्तकी सवयीने मूल विचारेल, "माणसं किती?" समजा ३००, रिक्षात तिघं. उत्तर १००, आणि वही बंद. पण हे १०० म्हणजे फेऱ्या झाल्या, रिक्षा नव्हेत. जाऊन-येऊन २५ मिनिटं आणि शेवटच्या माणसाला ४० मिनिटांच्या आत निघायचं असेल, तर एक रिक्षा दोनदा निघू शकते. ५० रिक्षा पुरतात. रस्त्यात गर्दी झाली, फेरीला ३५ मिनिटं लागली, तरी ५०च. फेरी ४५ मिनिटांवर गेली की मात्र एकदम १००! काही काळ उत्तर जागचं हलत नाही आणि मग दुप्पट होतं, हे ज्या मुलाने स्वतः पाहिलं त्याला गृहीतक म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. मग प्रश्नांना तोंड फुटतं. कंपनीच्या बसने किती जातात? चालत किती? रिक्षावाला तिघं भरेपर्यंत थांबतो का? यात गुणाकार-भागाकारापलीकडचं काही नाही. ज्यांचा भागाकार कच्चा आहे त्यांना तो करण्याचं कारण इथेच सापडतं.

प्रतिमान म्हणजे मोठ्यांचं बिनचूक शास्त्र, हा समजही सोडायला हवा. साथीच्या रोगांच्या गणितात पायाभूत मानला जाणारा केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७चा निबंध घ्या. त्यातला आलेख आपल्या मुंबईचा आहे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या प्लेगच्या आठवडेवार मृत्यूंचा. वक्र सुरेख जुळला. तरीही माणसातला प्लेग उंदरांतल्या प्लेगच्या मागून येतो, आपण स्थिर धरलेल्या राशी खरोखर स्थिर नाहीत, हे लेखकांनी तिथेच नोंदवलं. पुढे २०१२मध्ये निकोला बाकाएर यांनी दाखवलं, की मुंबईचा प्लेग दरवर्षी ऋतूप्रमाणे चढत-उतरत होता आणि तो हिशेब या प्रतिमानात नव्हता. आकडे जुळूनही गृहीतकं तपासावी लागतात, हे भावी शिक्षकाला मुंबईच्याच उदाहरणातून कळू शकतं.

मग त्याची तयारी कशी व्हावी? 'प्रतिमान: अर्थ, पायऱ्या, महत्त्व' अशी टिपणं उतरवून घेऊन होणार नाही, हे नक्की. डी.एल.एड.ला कोणत्याही शाखेतून बारावी झालेली मुलं येतात. अनेकांचं गणित दहावीलाच सुटलेलं असतं. त्यांनी मुलांसमोर जाण्याआधी असा एक तरी प्रश्न स्वतः सोडवलेला असावा. मोजणी करावी, गृहीतक धरावं, ते मोडताना पाहावं आणि दुसरं धरावं. आंतरवासितेतले काही दिवस त्याला सहज देता येतात. सातपाटीत पापलेटचा, वाड्यात भाताचा, मोखाड्यात उन्हाळ्यातल्या पाण्याचा प्रश्न हाताशी आहे. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण उभं केलं, ते आजूबाजूच्या वस्तू हाती घेऊन आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेऊन. त्यांचं काम लहान मुलांचं होतं, प्रतिमानांचं नव्हतं. पण परिसर हीच शिकवण्याची सामग्री, हे शिक्षकाला करून दाखवावं लागतं, ही समज इथली आहे.

खरी अडचण मला एकच दिसते, ती गुण देण्याची. पन्नास आणि शंभर, दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, म्हटल्यावर नवा शिक्षक बिचकतो. उत्तरसूचीची सवय तशीच आहे. म्हणून छात्राध्यापकांना एकाच प्रश्नाच्या चार-पाच वेगवेगळ्या वह्या तपासायला द्याव्यात: गृहीतक स्पष्ट लिहिलं आहे का, त्यावरून हिशेब नीट निघतो का, उत्तर प्रत्यक्षाशी पडताळलं का, एवढंच पाहून. दोघांचे गुण जुळले नाहीत, तर त्यांनी वर्गासमोर वाद घालावा आणि दिलेल्या गुणांची कारणं लिहून काढावीत. सराव पाठांइतकंच वजन या कामाला अंतर्गत मूल्यमापनात मिळालं पाहिजे.