कृष्णवर्णीयांचे चर्च, अमेरिकेतील
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आफ्रिकी वंशाच्या ख्रिस्ती लोकांनी स्थापन केलेल्या व स्वतः चालविलेल्या धर्मसंस्थांना ही सामुदायिक संज्ञा लावतात. ती कोणत्याही एका पंथाची निदर्शक नसून तीत मुख्यत्वे बॅप्टिस्ट, मेथडिस्ट व पेंटेकॉस्टल पंथांतील संस्था येतात. ही भूमी ईश्वराने गोऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी राखून ठेवली असून वर्णांची उतरंड हीही ईश्वरी योजनाच आहे, असे मानणारा एक प्रबळ विचारप्रवाह या देशात आरंभापासून होता. त्याच बायबलच्या आधारे या विचाराला सर्वांत दीर्घकाळ प्रतिकार केला, तो कृष्णवर्णीयांच्या चर्चने. स्वतःची वास्तू, स्वतःचा निधी आणि गोऱ्या मालकावर अवलंबून नसलेला धर्मोपदेशक ही या प्रतिकाराची प्रमुख साधने होत.

ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसास गुलाम करू नये, असा समज असल्यामुळे वसाहतकाळात अनेक मालक गुलामांना बाप्तिस्मा देण्यास नाखूष असत. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६६७ मध्ये, बाप्तिस्म्यामुळे गुलामाच्या दास्यात फरक पडत नाही, असा कायदा करून ही अडचण दूर केली. पुढे गुलामगिरीच्या समर्थनार्थ नोहाने दिलेल्या शापाची कथा सांगितली जाऊ लागली. ‘उत्पत्ती’तील मूळ कथेत हा शाप हामला नसून त्याचा पुत्र कनान यास आहे व तीत वर्णाचा उल्लेखही नाही. लंडनमध्ये १८०७ मध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलची जी निवडक आवृत्ती छापण्यात आली, तीतून इझ्राएल लोकांच्या मुक्तीची कथा वगळण्यात आली होती. ही कथा गुलामांना मात्र ठाऊक झाली होती. रात्री रानात चोरून भरणाऱ्या प्रार्थनासभांत मोशे, फारो आणि मिसर देशातील दास्य हे विषय वारंवार येत. त्यांतूनच ‘स्पिरिच्युअल’ या नावाने ओळखली जाणारी भक्तिगीते रूढ झाली.

स्वतंत्र संघटनेचा आरंभ अठराव्या शतकाच्या अखेरीस झाला. फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना तेथून उठविण्यात आले, तेव्हा रिचर्ड ॲलन (१७६०–१८३१) व ॲब्सलम जोन्स यांच्यासह ते सर्व बाहेर पडले. ॲलनने १७९४ मध्ये बेथेल चर्च उभारले. त्याच्या मालमत्तेवर आणि व्यासपीठावर गोऱ्या मेथडिस्ट अधिकाऱ्यांनी हक्क सांगितल्यामुळे वाद न्यायालयात गेला. १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी ‘आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ हा स्वतंत्र पंथ स्थापन होऊन ॲलन त्याचा पहिला बिशप झाला.

अशा स्वातंत्र्यातील धोका गुलामांच्या मालकांनी लवकरच ओळखला. चार्ल्सटन येथे १८२२ मध्ये उठावाच्या कटाच्या आरोपावरून डेन्मार्क व्हेसी व त्याच्या साथीदारांना फाशी देण्यात आले व ते ज्या चर्चचे होते त्याची वास्तू पाडण्यात आली. व्हर्जिनियातील धर्मोपदेशक नॅट टर्नर याच्या उठावानंतर (१८३१) तेथे कृष्णवर्णीयांना धर्मोपदेश करण्यास कायद्याने बंदी झाली. गुलाम बाळगणारा मिशनरी होऊ शकतो की नाही, या प्रश्नावरून गोऱ्या बॅप्टिस्टांत फूट पडून १८४५ मध्ये ‘सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन’ची स्थापना झाली. फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यसंघाने १८६१ मध्ये आपल्या संविधानाच्या प्रस्तावनेत ईश्वराचे आवाहन केले. मूळ अमेरिकी संविधानाच्या प्रस्तावनेत तसे नाही. गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस (१८१८–९५) याने १८४५ च्या आत्मचरित्रात ख्रिस्ताचा धर्म आणि या देशाचा धर्म यांत स्पष्ट भेद केला.

यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या चर्चसंस्था झपाट्याने वाढल्या. शाळा, परस्परसाहाय्य मंडळे व राजकीय सभा त्यांच्याच आश्रयाने चालत. सिनेटचा पहिला कृष्णवर्णीय सदस्य हायरम रेव्हेल्झ (१८७०) हा याच परंपरेतील धर्मोपदेशक होता. १८७७ नंतर मताधिकार हिरावला जाऊ लागला, तेव्हा चर्च हीच कृष्णवर्णीयांच्या हाती उरलेली प्रमुख सार्वजनिक संस्था ठरली. याउलट, १९१५ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या कू क्लक्स क्लॅनने सदस्यत्व गोऱ्या प्रॉटेस्टंटांपुरते मर्यादित ठेवून जळता क्रूस हे आपले चिन्ह केले.

विसाव्या शतकात या परंपरेचा भारताशी प्रत्यक्ष संबंध आला. हॉवर्ड थर्मन यांनी १९३६ मध्ये बार्डोली येथे, तर बेंजामिन मेझ यांनी १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्यास महात्मा गांधींची भेट घेऊन अहिंसेविषयी चर्चा केली. मेझ हे पुढे मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) यांचे गुरू झाले. मेथडिस्ट कार्यकर्ते जेम्स लॉसन (१९२८–२०२४) हे १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते. परतल्यावर त्यांनी नॅशव्हिल येथील विद्यार्थ्यांना सत्याग्रहाचे शिक्षण दिले आणि १९६० मध्ये त्याच विद्यार्थ्यांनी उपाहारगृहांतील वर्णभेदाविरुद्ध धरणे धरले. तत्पूर्वी माँगमरी येथे रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर ३८१ दिवस चाललेल्या बस-बहिष्कारात (१९५५-५६) सभांना जागा, निधी आणि लोकांची ने-आण करणाऱ्या मोटारी चर्चनेच पुरविल्या. म्हणूनच विरोधकांनी चर्चवास्तूंना लक्ष्य केले. बर्मिंगहॅम येथील सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ रोजी झालेल्या बाँबस्फोटात चार मुली मृत्युमुखी पडल्या.

तथापि ही परंपरा एकजिनसी नव्हती. नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचे अध्यक्ष जोसेफ जॅक्सन यांचा कायदेभंगास विरोध होता. नेतृत्वाच्या व धोरणाच्या या वादातून किंग यांच्या समर्थकांनी १९६१ मध्ये वेगळी संघटना काढली. चळवळीचा बराच भार स्त्रियांनी वाहिला. परंतु व्यासपीठ बहुतांशी पुरुषांकडेच राहिले. ॲलनच्या पंथाला पहिली स्त्री-बिशप २००० मध्ये मिळाली. जेम्स कोन (१९३८–२०१८) यांनी १९६९ पासून मांडलेल्या कृष्णवर्णीय ईश्वरशास्त्राने ईश्वर हा पीडितांच्या पक्षाचा आहे, या श्रद्धेला तात्त्विक रूप दिले.

कायदेशीर वर्णविभाजन संपल्यावरही मूळ संघर्ष मिटला नाही. १९५४ च्या न्यायनिर्णयानंतर दक्षिणेत गोऱ्यांसाठी अनेक खाजगी ख्रिस्ती शाळा निघाल्या. आंतरवंशीय प्रेमसंबंधांना मनाई करणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठास करसवलत नाकारण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये उचलून धरला. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल १९९५ मध्ये जाहीर क्षमा मागितली. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटनमध्ये, व्हेसीच्या परंपरेतील इमॅन्युएल चर्चमध्ये, बायबलच्या अभ्यासवर्गास बसलेल्या नऊ जणांची एका गोऱ्या वंशवाद्याने हत्या केली. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसदभवनावर चालून गेलेल्या जमावात क्रूस व ख्रिस्ती ध्वज होते. आदल्याच दिवशी झालेल्या निवडणुकीत किंग यांच्या एबेनेझर चर्चचे धर्मोपदेशक राफाएल वॉर्नॉक जॉर्जियातून सिनेटवर निवडून आले होते. एकाच धर्मग्रंथाचे दोन अन्वयार्थ अमेरिकेच्या राजकारणात अद्यापि समोरासमोर उभे आहेत, हे यावरून दिसते. २०१३ पासून उदयास आलेली कृष्णवर्णीयांची नवी आंदोलने मात्र बहुतांशी चर्चच्या नेतृत्वाबाहेर वाढली असून, पूर्वीचे स्थान टिकविणे हा या संस्थेपुढील कठीण प्रश्न आहे.