हलका बार (रिव्हॉल्व्हर)

हलका बार म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात नेहमीपेक्षा कमी दारू घालून, अचूक नेमासाठी मुद्दाम कमी वेगाचा केलेला बार. अशा बाराने हाताला बसणारा धक्का कमी होतो, आवाज सौम्य होतो आणि कागदी लक्ष्यावरील छिद्रे एकमेकांजवळ पडतात. अमेरिकेसारख्या काही देशांत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून असा बार घरी तयार करतात. भारतात परवान्यावाचून काडतूस भरणे हा गुन्हा असल्यामुळे येथे हलका बार मुख्यतः कारखान्यात बनलेल्या स्पर्धेच्या काडतुसांच्या रूपातच आढळतो. या लेखात दारूची मापे दिलेली नाहीत.

शब्द आणि पूर्वपीठिका

‘बार’ हा शब्द ठासणीच्या बंदुकीच्या काळातला आहे. नळीत दारू, बोळा आणि छर्रे किंवा गोळी घालून गजाने ठासणे म्हणजे बार भरणे, आणि बंदूक डागणे म्हणजे बार काढणे. दारू नीट न पेटता नुसताच आवाज व धूर झाला तर तो ‘फुसका बार’. बोलीतला हा शब्द आज राजकीय बातम्यांत अधिक दिसत असला, तरी रिव्हॉल्व्हरच्या हलक्या बाराचा सर्वांत मोठा धोका नेमका तोच आहे. त्याचे विवेचन पुढे येईल.

सॅम्युएल कोल्ट याने १८३६ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरला धातूचे काडतूस नव्हते. फिरत्या चक्रातील प्रत्येक कप्प्यात दारू व शिशाची गोळी ठासून मागे टोपी बसवावी लागे. म्हणजे त्या काळी प्रत्येक बार हातानेच भरलेला असे, आणि दारू किती घालायची हे भरणाऱ्याच्या हाती असे. या जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरने आजही स्पर्धा खेळणारे नेमबाज दारू कमी घालतात व उरलेली जागा चक्क रव्याने किंवा मक्याच्या भरड पिठाने भरतात. त्यामुळे गोळी कप्प्याच्या तोंडाजवळ येते आणि तिला नळीत शिरण्यापूर्वी फारशी उडी घ्यावी लागत नाही.

पुढे धातूची पुंगळी आली. ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ सालचे, तर ०.३८ स्पेशल त्यानंतर थोड्याच वर्षांनी आले. दोन्हींच्या पुंगळ्यांचे आकारमान काळ्या दारूच्या हिशेबाने ठरलेले होते. नंतर आलेली धूरविरहित दारू वजनाच्या मानाने कितीतरी अधिक शक्ती देते, त्यामुळे त्याच पुंगळीत ती थोडीच लागते आणि बरीचशी जागा रिकामी राहते. हलक्या बाराचे बहुतेक गुणदोष या रिकाम्या जागेतून निघतात.

हलका बार अचूक का ठरतो

पहिले कारण यंत्राचे नसून माणसाचे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पिस्तूल प्रकारांत शस्त्र एकाच हातात, मनगटाला आधार न देता धरावे लागते. धक्का मोठा असेल तर चाप ओढण्याआधीच हात नकळत आखडतो आणि नेम खाली किंवा बाजूला जातो. ०.३८ स्पेशलची सपाट तोंडाची स्पर्धेची गोळी सुमारे ९.६ ग्रॅम वजनाची असून तिचा वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास असतो. १९३५ साली आलेल्या ०.३५७ मॅग्नमची १०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या घरात जाते. गोळीचा संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, दुसऱ्या बाबतीत पावणेदोनपट होतो, आणि हाताला ते लगेच जाणवते.

दुसरे कारण गोळीच्या आकारात आहे. स्पर्धेची गोळी पुढून तोडल्यासारखी सपाट असते. ती कागदातून पंचाने कापल्यासारखे गोल छिद्र पाडते, त्यामुळे छिद्र वर्तुळाच्या रेषेला लागले आहे की नाही यावर वाद उरत नाही. हवेतून दूर जाण्यास हा आकार अगदी गैरसोयीचा, पण स्पर्धेचे अंतर २५ मीटरच असते. तिथे मंद, सपाट व मऊ शिशाची गोळी पुरेशी ठरते, ०.३८ च्या काही गोळ्या मागून पोकळ असल्याने कमी दाबातही फुगून नळीच्या आट्यांत घट्ट बसतात.

तिसरी बाब रिव्हॉल्व्हरच्या रचनेची. पिस्तुलात काडतुसाचा कप्पा आणि नळी एकसंध असतात. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र व नळी यांच्यात बारीक फट असते आणि गोळी ती ओलांडून नळीत शिरते. चक्राचे सहाही कप्पे नळीशी सारखेच जुळत असतील असे नाही. कप्प्याचे तोंड नळीच्या आतील मापापेक्षा लहान असेल तर गोळी तिथेच आवळली जाते, मग नळीत तिच्या कडेने वायू निसटतो, शिसे वितळून आट्यांत साचते आणि काही डझन बारांतच नेम बिघडतो. हा दोष दारू कमीजास्त करून जात नाही, हे नवख्यांना पटायला वेळ लागतो.

बार जुळवण्याची पद्धत

जिथे काडतूस भरणे कायदेशीर आहे तिथे नेमबाज दारू-उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यातील किमान व कमाल मापांच्या आतच राहतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो: दारूचे वजन, गोळीची जात, ती पुंगळीत किती खोल बसवली आहे, किंवा पुंगळीचे तोंड किती आवळले आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली हे कळायला मार्ग राहत नाही. वजने ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. इतक्या बारीक मापात तराजूजवळच्या पंख्याच्या वाऱ्यानेही फरक पडतो.

खरी चूक बहुधा मोजणीत नव्हे, निष्कर्षात होते. तीन गोळ्यांची छिद्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली की ‘बार सापडला’ असे वाटते. पण छिद्रांच्या पुंजक्याची रुंदी गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढत जाते. तीन गोळ्यांचा पुंजका दहा गोळ्यांच्या पुंजक्यापेक्षा लहान दिसणारच. योगायोग आणि गुण यांतला भेद करायचा तर बरेच बार काढावे लागतात. रिव्हॉल्व्हरमध्ये हे आणखी वाढते, कारण प्रत्येक कप्पा वेगळा तपासायला हवा. कप्प्यांना क्रमांक देऊन प्रत्येकातून पाच गोळ्या वेगवेगळ्या कागदांवर झाडल्या तर सहा कप्प्यांना ३० गोळ्या लागतात. पाच कप्पे एका जागी आणि सहावा दोन बोटे बाजूला मारतो, असे आढळणे दुर्मिळ नाही. अशा वेळी तो कप्पा सोडून उरलेल्या पाचांतून पाच गोळ्यांची फेरी झाडणे हा उपाय बार बदलण्यापेक्षा सोपा असतो.

रिकाम्या जागेचा परिणाम तपासण्याची एक जुनी रीत आहे. काही गोळ्या नळी आधी आकाशाकडे व मग हळूच समोर आणून झाडायच्या, म्हणजे दारू मागे प्रायमरजवळ राहते. काही गोळ्या नळी आधी जमिनीकडे झुकवून झाडायच्या, म्हणजे दारू पुढे सरकते. वेगमापकावर दोन्ही वेळच्या वेगांत मोठा फरक दिसला तर ती दारू त्या पुंगळीसाठी योग्य नाही. कमी फरक दाखवणारी दारू थोडी कमी शक्तीची असली तरी स्पर्धेसाठी चांगली मानली जाते.

हलक्या बाराने गोळी अनेकदा अपेक्षेपेक्षा वेगळ्या उंचीवर लागते. मंद गोळी नळीत जास्त वेळ राहते, आणि तेवढ्यात धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले जाते. म्हणून समान अंतरावर जड व मंद गोळी हलक्या व वेगवान गोळीपेक्षा बहुधा वर लागते. त्यामुळे बार ठरल्यावरच मागची नेमपट्टी जुळवतात.

धोके

दारू कमी म्हणजे धोका कमी, ही समजूत चुकीची आहे. थोड्याशा दारूने पुंगळीचा तळच भरतो, त्यामुळे चुकून तीच दारू दोनदा पडली तरी ती आत मावते आणि बाहेरून काही दिसत नाही. असा दुप्पट बार चक्र फोडू शकतो. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी सर्व पुंगळ्या उजेडात डोळ्यांनी तपासतात.

याच्या उलट टोकाला फुसका बार. दारू पडलीच नाही किंवा फारच कमी पडली तर प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि अडकते. कधी ती चक्र व नळीच्या मध्येच थांबते व चक्र फिरत नाही, हे त्यातल्या त्यात बरे. ती नळीत पुढे गेली तर चक्र फिरते, आणि पाठोपाठची गोळी झाडली की नळी फुगते किंवा फाटते. आवाज बारीक आला की थांबून, रिव्हॉल्व्हर रिकामे करून नळी पाहणे हा सर्वत्र पाळला जाणारा नियम आहे. फार थोड्या दारूचा अकल्पितपणे स्फोट होतो, असेही सांगितले जाते. मात्र अशा अनेक घटनांचे साधे स्पष्टीकरण दुप्पट बार हेच असावे असे अनेक जाणकार मानतात.

भारतातील कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रे व दारूगोळा परवान्याशिवाय बनवता येत नाही. याच कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही ‘दारूगोळा’ या शब्दात येतात. म्हणजे पुंगळी भरण्याचे हातयंत्रही निरुपद्रवी अवजार ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शस्त्र परवाना हा बाळगण्याचा परवाना असतो, काडतूस बनवण्याचा नव्हे.

०.३८०, ०.४५५ किंवा लष्करी ९ मि.मी. काडतूस चालेल अशी रिव्हॉल्व्हर व पिस्तुले नियमांनुसार प्रतिबंधित वर्गात मोडतात. सामान्य परवानाधारकाकडे ०.३२ चे रिव्हॉल्व्हर दिसते ते प्रामुख्याने यामुळे. कानपूरच्या सरकारी कारखान्यातून २०१४ साली आलेले ‘निर्भीक’ याच मापाचे आहे. योगायोगाने हेच माप स्पर्धेसाठीही उत्तम ठरले. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मि.मी. मापाची शस्त्रे चालतात, आणि अव्वल खेळाडू बहुधा ०.३२ ची सपाट गोळी वापरतात. शस्त्र मात्र आता बहुतांशी रिव्हॉल्व्हर नसून स्वयंभरणी पिस्तूल असते. या प्रकारात ३० गोळ्या सावकाश व ३० जलद झाडायच्या असतात. सावकाश फेरीच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ५० मि.मी. व्यासाचे असते. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ६०० पैकी ५९० गुणांसह तत्कालीन विश्वविक्रमाची बरोबरी केली, ती याच प्रकारात.

महाराष्ट्र आणि रायगड जिल्हा

राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाची स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, पण त्या प्रकारातील ०.२२ चे काडतूस कडेत प्रायमर असलेले असते. ते पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे तिथे कारखान्याच्या वेगवेगळ्या खेपा तपासून आपल्या शस्त्राला मानवणारी खेप निवडणे एवढेच खेळाडूच्या हाती राहते. सेंटर फायरच्या भारतीय नेमबाजालाही व्यवहारात हेच करावे लागते.

रायगड जिल्ह्यात नेमबाजीचे शिक्षण मुख्यतः पनवेलभोवती आहे. तेथे सुमा शिरूर यांनी लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. शिकणारे हवेच्या दाबाच्या शस्त्रांपासून सुरुवात करतात, ज्यांत दारू नसतेच. त्याच महामार्गावर पुढे असलेले पेण आणि त्याच्या दक्षिणेचे रोहा हे तालुके भातशेतीचे. इथे बार हाताने भरण्याची परंपरा रिव्हॉल्व्हरची नसून ठासणीच्या बंदुकीची आहे. अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे, आणि प्रत्येक वेळी दारू मोजून घालणे हाच त्या बंदुकीचा वापर असतो. मात्र परवाना असला तरी रानडुकरासारखे प्राणी मारण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ खाली वेगळी परवानगी लागते. १९८६ साली घोषित झालेले फणसाड अभयारण्य, जे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे जंगल होते, मुरूडप्रमाणेच रोहा तालुक्यालाही लागून आहे. त्याच कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने वन्यजीव विभागाकडे आपली नोंद करणे बंधनकारक आहे, मग त्याच्याकडे ठासणीची बंदूक असो वा ०.३२ चे रिव्हॉल्व्हर.