दोन पायांची घोडी

आमच्या माळ्यावर दोन काठ्या आहेत. चिव्याच्या, हातभर लांब, वरच्या टोकापासून चार बोटं खाली सायकलच्या ट्यूबनं एकमेकींना बांधलेल्या. उघडल्या की कात्रीसारख्या फाकतात आणि वर एक छोटी बेचकी होते. त्या बेचकीत गोणपाटाचा तुकडा शिवलेला आहे. घरात नवं माणूस आलं की विचारतं, हे काय? आम्ही सांगतो, घोडी. बंदुकीची घोडी.

बंदूक आता नाही. घोडी आहे. तिची हकिगत लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या बाजूला डोंगरात. वर रान, खाली भात, नाचणी आणि थोडा भुईमूग. पीक हाताशी आलं की रानडुकरं उतरायची. एका रात्रीत कळप शिरला की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसायचं. म्हणून वाडीत दोन-तीन घरांत ठासणीच्या बंदुका होत्या, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला तेव्हापासून बिनपरवान्याची बंदूक ठेवायची सोय राहिली नाही. स्वराज्यात १९५९ सालचा नवा कायदा आला, त्यातही पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात सरकारनं दिली ती सगळ्यात जुन्या पद्धतीची बंदूक. तोंडातून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गजानं ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि शेवटी कानावर केप बसवायची. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर डोंगर चढून जायचं.

तेव्हा मिळणार एकच बार. तो वाया जाऊ नये म्हणून घोडी.

ही युक्ती आमच्या थोरल्या काकांची. ते मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेलेले. त्याच लढाईत १० जुलै १९४४ ला कुलाबा जिल्ह्यातले यशवंत घाडगे पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. काकांना क्रॉस-बिस काही मिळाला नाही. ते ब्रेनगनवर दोन नंबर होते. एक नंबरवाला गोळ्या झाडायचा, दोन नंबरवाला मॅगझिन बदलून द्यायचा. ब्रेन मूळची चेकोस्लोव्हाकियातली. ब्रनो गावातला ब्र आणि विलायतेतल्या एनफिल्डचा एन घेऊन नाव पडलं. दहा किलोच्या आसपास वजन आणि पुढं दोन घडीचे पाय. काका म्हणायचे, "ते दोन पाय नसतं तर त्या गनचा आमाला काय उपेग न्हवता. हातात धरून मारली तर आभाळालाच भोकं."

१९४६ ला ते घरी आले आणि पहिल्याच सुगीत त्यांनी चिव्याच्या दोन काठ्या तोडल्या.

आता हे काकांचंच डोकं असं मला लहानपणी वाटायचं. पुढं वाचनालयातली पुस्तकं वाचताना कळलं की ही गोष्ट फार जुनी आहे. युरोपात सोळाव्या शतकात बंदुका इतक्या जड होत्या की शिपायाच्या एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात बेचकीची काठी असायची. काठी जमिनीत रोवायची, बेचकीत नळी ठेवायची, मग तोडा लावायचा. सतराव्या शतकात बंदुका हलक्या होत गेल्या तशी ती काठी गेली. तिबेटातल्या शिकाऱ्यांनी तोड्याच्या बंदुकीला पुढं बिजागरीवर दोन दांडे बसवले आणि त्यांच्या टोकाला तिथल्या हरणाची लांब शिंगं लावली. चालताना दुमडायची, नेम धरताना उघडायची. ज्याच्या रानात जे मिळतं त्याची घोडी. त्यांच्याकडं शिंग, आमच्याकडं चिवा.

आणि आपल्याकडं? प्रतापगडाच्या तटातल्या जंग्या बघा. बाहेरच्या उतारावर रोखलेली ती भोकं. आत बसलेला बंदूकवाला नळी त्या दगडावर टेकवत होता. तटच त्याची घोडी. शेतकऱ्याला कुठला तट? त्याचा बांध.

घोडी करायची म्हणजे दोन काठ्या बांधल्या की झालं, असं नाही. काकांनी शिकवलं ते सांगतो. काठी जुनी, वाळलेली पाहिजे. ओली काठी वजनानं वाकते. बांधायला सुतळी नको, ती दवात ताणते आणि उन्हात सैल पडते. ट्यूब धरून ठेवते आणि ओढली तर सरकते. बांध कधी सपाट नसतो, एक पाय वर, एक खाली. ट्यूब सरकवून पाय लांब-आखूड करता येतो. भुसभुशीत मातीत टोकदार पाय रुततो, म्हणून खालून बोथट ठेवायचा. बेचकीत गोणपाट पाहिजेच. नळी उघड्या कठीण लाकडावर टेकली तर बार होताना उसळते आणि छर्रे वरून जातात. टेकवायची तीही नळीच्या टोकाला नाही, नळीखालच्या लाकडाला. मग खांद्यानं हलकं पुढं रेटायचं, म्हणजे घोडी हलत नाही. दस्त्याखाली भाताच्या तुसाची पिशवी, तो तिसरा पाय.

एवढं सगळं कशाला? साधा हिशेब आहे. उभ्यानं धरलेल्या लांब बंदुकीचं तोंड श्वासाबरोबर बोटभर हललं, तर चाळीस पावलांवर हातभर फरक पडतो. खर्च विचाराल तर चिवा रानातला, ट्यूब पंक्चरवाल्यानं टाकून दिलेली, गोणपाट घरातलं. हल्ली मोबाईलवर ॲल्युमिनियमच्या घडीच्या घोड्या दिसतात, किंमत हजारात. चांगल्याच असतील. पण पाय आखूड-लांब होणं, मऊ बेचकी आणि न डगमगणं, एवढंच त्यांच्यातही बघायचं असतं.

आता खरी गोष्ट.

१९७१ चा कार्तिक. मी पंधरा वर्षांचा. काकांना ताप होता. भुईमूग काढायला आठ दिवस राहिले होते आणि वरच्या वाडीत डुकरं येऊन गेल्याची बातमी होती. काका गुंगीत, वडील बाजाराला गेलेले मुक्कामी. मी कुणाला न विचारता भरलेली बंदूक, घोडी आणि केप घेऊन वावरात गेलो. परवाना काकांच्या नावावर. मी बंदुकीला हात लावणंच चूक. पण पोराला मर्द व्हायचं होतं.

मध्यरात्रीनंतर खसखस सुरू झाली. वेल उपटल्याचा आवाज. चांदणं होतं, पण ढगाआड. वावराच्या खालच्या कडेला एक काळा गोळा, आणि त्याच्याजवळ एक लहान गोळा. मला वाटलं मादी आणि पिल्लू.

मी उभ्यानंच मारणार होतो. बंदूक उचलली, पण हात थरथरायला लागले. ती माझ्यापेक्षा फार लहान नव्हती. धरवेना. म्हणून, केवळ धरवेना म्हणून, मी खाली पालथा पडलो, घोडी उघडली, एक पाय बांधाच्या वर, एक खाली. ट्यूब सरकवली. दस्त्याखाली तूस सारलं. केप बसवली. या सगळ्यात किती वेळ गेला असेल? दोन बिड्या ओढाव्यात एवढा. नेम धरला. नळी अगदी स्थिर. इतकी स्थिर की आता चुकणं नव्हतं.

आणि लहान गोळा खोकला.

लांब, ओढून आलेला खोकला. थांबेना. मोठ्या गोळ्यानं त्याच्या पाठीवर हात फिरवला.

मी बोट काढलं. केप काढली का नाही ते आठवत नाही. ती दोघं अर्धं पोतं भरून ओढ्यानं खाली गेली. मी उजाडेपर्यंत तसाच पडून राहिलो. कपडे दवानं भिजले, आणि दवानंच असं नाही.

सकाळी काका काठी टेकत वावरात आले. बांधावर घोडीच्या पायांची दोन भोकं आणि माझ्या कोपरांच्या खुणा होत्या. खाली भुसभुशीत मातीत एक मोठं पाऊल, एक लहान. ते बराच वेळ बघत राहिले.

"बार का न्हाई काढलास?"

"खोकला आला."

"तुला?"

मी मान हलवली.

"घोडी लावली हुतीस?"

"व्हय."

त्यांनी मुस्कटात एकच दिली, बंदूक नेल्याबद्दल. मग माझ्याच खांद्याला धरून घरी आले. त्या वर्षी भुईमूग काढायला त्यांनी खालच्या आळीतल्या एका माणसाला मुद्दाम बोलावलं आणि मजुरीच्या शेंगा मापताना माप शिगोशीग भरलं. तो माणूस काही बोलला नाही, काकाही नाही. पुढच्या वर्षी मोठा दुष्काळ पडला आणि ते घर मुंबईला गेलं. पोरगं जगलं. पुढं एका लग्नात भेटलं, मला दादा म्हणालं. मी त्याला काही सांगितलं नाही.

१९७२ साली वन्यजीवांचा कायदा आला. डुक्कर मारायला परवानगी लागू लागली. बंदूक आवाज काढण्यापुरती राहिली. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा व्हायची, पावती मिळायची. घोडी घरीच राहायची, तिला परवाना लागत नव्हता. काका गेल्यावर आम्ही परवाना पुढं चालवला नाही.

लोक म्हणतात घोडी नेमासाठी असते. खरं आहे. पण माझ्या बाबतीत ती दोन बिड्यांच्या वेळेसाठी होती. उभ्यानं मारणाऱ्याला तेवढा वेळ मिळत नाही.

म्हणून ती माळ्यावर आहे. मागच्या उन्हाळ्यात ट्यूब कुजली, मी नवी बांधली.