हप्ता महिन्याचा, सुगी वर्षाची

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याहून केजच्या रस्त्याला लागलं की नेकनूर येतं. बंकटस्वामी महाराजांचा मठ आणि जनावरांचा आठवडी बाजार ही गावाची जुनी ओळख. आहे तो बैल आणखी एक पेरणी काढील, की तो विकून वर कर्ज काढावं आणि नवी जोडी दावणीला बांधावी, हा पेच इथल्या शेतकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा. दलाल उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवीत, आणि उधारी असली तर वायदा सुगीचा असे. पैसा खळ्यावरून येणार, म्हणून तो द्यायचाही तेव्हाच. आज तोच पेच मोटारसायकलपाशी येऊन ठेपला आहे. वायद्याची तारीख मात्र बदलली, आणि खरी अडचण त्या तारखेतच आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत निवडीला फारसा वावच नव्हता. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या तंत्रावर 175 सीसीची राजदूत काढली. म्हैसूरहून जावा आली आणि 1973 पासून येझदी. परवान्यांच्या त्या काळात उत्पादन मोजकं असे. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत, आणि वापरलेली स्कूटरसुद्धा नव्या स्कूटरच्या छापील किमतीपेक्षा चढ्या भावानं जाई. त्यामुळे हाती असलेली गाडी जपण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बोअर करून, पिस्टन बदलून इंजिन पुन्हा बांधणारे मिस्त्री याच गरजेतून गावोगावी तयार झाले.

मग 1985 उजाडलं. हिरो होंडाची सीडी 100 रस्त्यावर आली. फोर स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, आणि लिटरला 80 किलोमीटरचा दावा. त्याच वर्षी औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. धूर सोडणारी, तहानलेली टू स्ट्रोक विकून नवी घेण्याला आता हिशेबाचा आधार होता. पाठोपाठ 1987 मध्ये पुण्यात बजाज ऑटो फायनान्स उभी राहिली आणि दुचाकी हप्त्यावर मिळण्याची वाट रुंद झाली.

बीडसारख्या जिल्ह्यात ही वाट धरणाऱ्याला चैनीखोर म्हणणं अन्यायाचं आहे. बीड शहरात अहिल्यानगरहून रेल्वे पोहोचली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. तोवर दवाखाना, तहसील, कॉलेज, मोंढा, सगळं रस्त्यावरच अवलंबून होतं, आणि नेकनूरच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांना आजही तेच आहे.

तरी हिशेब मांडायलाच हवा. समजा 80,000 रुपयांचं कर्ज तीन वर्षांसाठी, 12 टक्के फ्लॅट दरानं घेतलं. व्याज 28,800 रुपये, महिन्याचा हप्ता सुमारे 3,022. फ्लॅट दरात मुद्दल फिटत गेली तरी व्याज मूळ रकमेवरच धरलं जातं. घटत्या शिलकीच्या रीतीनं पाहिलं तर हाच दर वर्षाला 21 टक्क्यांच्या आसपास पडतो. आता जुनी गाडी लिटरला 40 किलोमीटर देते, नवी 60 देईल आणि रोजचा फेरा 30 किलोमीटरचा आहे, असं धरू. महिन्याला साडेसात लिटर पेट्रोल वाचेल. 105 रुपयांच्या भावानं जेमतेम 790 रुपये. म्हणजे पेट्रोलच्या बचतीवर हप्ता फिटत नाही. 1985 चं गणित आज फोर स्ट्रोकवरून फोर स्ट्रोकवर जाताना लागू पडत नाही, आणि जाहिरात पाहून हुरळणाऱ्याच्या हे लवकर ध्यानात येत नाही.

जुनीचाही खर्च वाढला आहे, हे खरं. पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी आली. दुचाकीसाठी तिचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 300 वरून 1,000 रुपये झालं. शिवाय पर्यावरण कर. उलट 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि नवीचा मोह वाढला. पण 1 एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक बीएस-6 गाड्यांत कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. पाना-पेंचिसवर इंजिन खोलणाऱ्या गावातल्या मिस्त्रीला त्यातले सगळेच बिघाड सापडत नाहीत. कुठे सेन्सरची तपासणी लागते, मग शहर गाठावं लागतं.

सर्वांत अवघड स्थिती ऊसतोड कुटुंबांची. मुकादमाकडून उचल मिळते तेव्हा हातात रोकड असते आणि डाउन पेमेंट सहज भरता येतं. पण उचल म्हणजे पुढच्या हंगामात कोयत्यानं फेडायचं कर्जच. मग एकाच गाडीखाली दोन कर्जं येतात. एक अंगमेहनतीनं फिटणार, दुसरं दर महिन्याला रोख मागणार. अशा घरानं जुनीचं क्लच आणि चेनकिट बदलून आणखी दोन हंगाम काढले, तर ते शहाणपणाचंच ठरतं.

ट्रॅक्टरचं कर्ज बँका सहामाही किंवा वार्षिक हप्त्यांत फेडून घेतात; पीककर्जाची परतफेड कापणीनंतर धरली जाते. दुचाकीचा हप्ता मात्र पगारदाराच्या महिन्यावर बेतलेला आहे. कापूस आणि सोयाबीन विकून वर्षाचा पैसा पाहणाऱ्या गावात दुचाकीलाही सुगीचा हप्ता मिळायला हवा. तो मिळेपर्यंत नेकनूरच्या शोरूममध्ये शिरणाऱ्यानं गाडीच्या किमतीआधी एवढंच विचारावं, की जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा हप्ता घरातला कोण आणि कशातून भरणार.