कमी उंचीच्या नवशिक्या चालकाने पहिली मोटारसायकल कशी निवडावी?

मोटारसायकल शिकण्याची इच्छा असते, अनेकदा गरजही असते. परंतु 'पाय जमिनीला पुरणार नाहीत' या एका शंकेपायी अनेक स्त्री-पुरुष तो विचार सोडून देतात. भारतातील प्रौढ स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, तर पुरुषांची सुमारे १६५ सेंटिमीटर आहे. देशात विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींच्या आसनाची उंची मात्र ७८० ते ८२० मिलिमीटरच्या दरम्यान असते. त्यामुळे ही अडचण मोजक्या लोकांची नाही. शेवटची बस चुकली की परतीची सोय उरत नाही, अशा गावी नोकरी करणारी परिचारिका किंवा शिक्षक यांच्या दृष्टीने स्वतःचे वाहन ही चैन नसून कामाचे साधन असते.

अशा व्यक्तींना बहुधा गिअर नसलेली स्कूटर सुचवली जाते. शहरातील वापरासाठी तो पर्याय योग्यही आहे. परंतु खाचखळग्यांच्या आणि कच्च्या रस्त्यांवर मोटारसायकलीची मोठी चाके अधिक स्थिर राहतात. शिवाय स्कूटरचे आसन समजले जाते तितके खाली नसते. होंडा अ‍ॅक्टिव्हाच्या आसनाची उंची ७६४ मि.मी. आहे आणि हिरो स्प्लेंडर प्लसच्या आसनाची ७८५ मि.मी. दोहोंतील फरक जेमतेम दोन सेंटिमीटरचा आहे. म्हणून उंची कमी असणे हे मोटारसायकल न शिकण्याचे कारण ठरू नये. प्रश्न योग्य निवडीचा आहे आणि ती निवड केवळ आसनाच्या उंचीवरून करता येत नाही.

आसनाची उंची आणि पायाची लांबी

कंपन्या देत असलेली आसनाची उंची ही वाहनावर कोणी बसलेले नसताना जमिनीपासून आसनाच्या सर्वात खालच्या भागापर्यंत मोजलेली असते. चालक बसल्यावर शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि आसनाचा फोम दबतो व प्रत्यक्ष उंची थोडी कमी होते. चालक वजनाने हलका असेल तर हा दाब कमी पडतो, हेही ध्यानात घ्यावे.

आकड्यात न दिसणारी दुसरी बाब म्हणजे आसनाची रुंदी. आसन पुढच्या बाजूला, टाकीजवळ, निमुळते असेल तर पाय सरळ खाली जातात. ते रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी वाया जाते. यामुळेच सारख्या उंचीच्या दोन गाड्यांपैकी एकीवर पाय टेकतो आणि दुसरीवर अधांतरी राहतो.

स्वतःच्या शरीराचे मोजमाप घेताना एकूण उंचीपेक्षा पायाची आतील लांबी महत्त्वाची असते. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत सरकवून आडवे धरावे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. सारखी उंची असलेल्या दोन व्यक्तींमध्येही या मापात काही सेंटिमीटरचा फरक आढळतो. हे माप आसनाच्या उंचीपेक्षा पाच-सहा सेंटिमीटरने कमी असले तरी घाबरण्याचे कारण नाही. टाच उचलल्यावर पायाची पोहोच वाढते आणि बुटाच्या तळव्याची जाडीही कामी येते.

पाय किती टेकायला हवा?

दोन्ही तळवे सपाट टेकलेच पाहिजेत, असा एक समज आहे. ते सोयीचे असते, परंतु अनिवार्य नाही. आजच्या मोटारसायकलींमध्ये मागचा ब्रेक उजव्या पायाशी असतो. थांबताना, विशेषतः चढावर, उजवा पाय ब्रेकवर आणि डावा पाय जमिनीवर ठेवणे हीच योग्य पद्धत आहे. म्हणजे उंच चालकालाही थांबताना बहुधा एकाच पायावर गाडी तोलावी लागते.

यावरून एक सोपा निकष निघतो. आसनावर किंचित डावीकडे सरकून बसल्यावर डाव्या पायाचा चवडा जमिनीवर पक्का टेकला पाहिजे आणि त्याच वेळी उजवा पाय ब्रेकवर राहिला पाहिजे. एवढे जमत असेल तर ती गाडी आवाक्यातील समजावी. सरळ बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकत असतील तर उत्तमच. एका बाजूला सरकूनही केवळ बोटांची टोके टेकत असतील, तर शिकण्यासाठी ती गाडी घेऊ नये.

जुनी बुलेट घेऊ इच्छिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. पूर्वीच्या बुलेटमध्ये गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. अशा गाडीवर वरील सारा क्रम उलटा होतो.

गाडी चालू लागल्यावर पायांच्या लांबीचा प्रश्न उरत नाही. परिवहन कार्यालयातील चाचणीत आठच्या आकड्यासारख्या मार्गावरून पाय न टेकवता गाडी फिरवून दाखवावी लागते, ती याच कारणाने. स्पेनचा शर्यतपटू दानी पेद्रोसा याची उंची जेमतेम १६० सेंटिमीटर. तरीही त्याने २००३ मध्ये १२५ सीसी आणि २००४ व २००५ मध्ये २५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवले आणि मोटोजीपी या सर्वोच्च गटात ३१ शर्यती जिंकल्या.

वजनाचा हिशेब

नवशिक्या चालकाची गाडी बहुधा वेगात नव्हे, तर थांबताना, वळवताना किंवा उभी करताना पडते. गाडी सरळ असेपर्यंत तिचे वजन चाकांवर असते. ती कलू लागली की प्रत्येक अंशागणिक अधिकाधिक भार चालकाच्या पायावर येतो आणि एका मर्यादेनंतर तो सावरता येत नाही. हलक्या गाडीत ही मर्यादा उशिरा येते. म्हणून पहिल्या मोटारसायकलीच्या निवडीत वजनाला आसनाच्या उंचीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक महत्त्व द्यावे.

काही परिचित गाड्यांची आसनाची उंची आणि इंधनासह वजन पुढीलप्रमाणे आहे. वेगवेगळ्या आवृत्त्यांत थोडा फरक पडू शकतो.

होंडा शाइन १०० : ७८६ मि.मी., ९९ किलो
हिरो स्प्लेंडर प्लस : ७८५ मि.मी., ११२ किलो
टीव्हीएस रेडर १२५ : ७८० मि.मी., १२३ किलो
यामाहा एफझेड-एस : ७९० मि.मी., १३६ किलो
बजाज अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ : ७३७ मि.मी., १६३ किलो
रॉयल एन्फील्ड मीटिऑर ३५० : ७६५ मि.मी., १९१ किलो
रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० : ८०५ मि.मी., १९५ किलो

या यादीतील मीटिऑर आणि शाइन १०० यांची तुलना उद्बोधक आहे. मीटिऑरचे आसन अंगठ्याच्या रुंदीइतके खाली आहे, परंतु तिचे वजन ९२ किलोंनी, म्हणजे जवळजवळ दुपटीने अधिक आहे. केवळ आसनाची उंची पाहणारा खरेदीदार मीटिऑरकडे वळेल. प्रत्यक्षात अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना किंवा पडलेली गाडी उचलताना नवशिक्याला शाइन अधिक सुलभ वाटेल. अ‍ॅव्हेंजरसारख्या क्रूझर गाड्यांचे आसन खाली असल्याने थांबताना आत्मविश्वास येतो, हे खरे. परंतु त्यांची लांबी अधिक, पायाच्या खुंट्या पुढे आणि वळण घेण्यास लागणारी जागा मोठी असते. सरळ महामार्गावर सुखावह असणारी ही रचना गर्दीच्या बाजारपेठेत त्रासाची ठरते.

सर्वसाधारणपणे १०० ते १२५ सीसी क्षमतेची, सुमारे १२५ किलोंपर्यंत वजनाची, सरळ बैठकीची गाडी शिकण्यासाठी योग्य होय. वर्ष-दोन वर्षांच्या सरावानंतर अधिक वजनाची गाडी घेता येते. पहिली गाडी पडणार, तिला ओरखडे येणार, हे गृहीत धरून चांगल्या स्थितीतील जुनी गाडी घेणेही शहाणपणाचे ठरते. मात्र १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, तर त्याखालील गाड्यांना एबीएस किंवा सीबीएस ही ब्रेक प्रणाली बंधनकारक झाली. त्यापूर्वीच्या गाडीत ही सोय नसण्याची शक्यता लक्षात ठेवावी.

हातांची पोहोच

उंची कमी असलेल्यांचे हात आणि बोटेही बहुधा लहान असतात. हँडल एका बाजूला पूर्ण वळवून पाहावे. दूरच्या मुठीपर्यंत पोहोचण्यासाठी खांदा पुढे ओढला जात असेल तर ते हँडल रुंद किंवा दूर आहे, असे समजावे. क्लच आणि पुढचा ब्रेक यांचे दांडे मूठ न सोडता दोन बोटांच्या मधल्या पेराखाली यायला हवेत. क्लच जड असेल तर शहरातील वाहतुकीत मनगट दुखते आणि गाडी वारंवार बंद पडते. क्लचच्या केबलचा ढिलेपणा मेकॅनिककडून कमी-जास्त करून घेता येतो. गिअरच्या दांड्याचे अंतरही पायाच्या मापानुसार थोडे बदलता येते.

खरेदीपूर्वी करावयाची पाहणी

रोज वापरतो तेच बूट किंवा चपला घालून विक्रेत्याकडे जावे. गाडी मधल्या स्टँडवर नव्हे, तर जमिनीवर असताना बसून पाहावे. त्यानंतर पुढील पाच गोष्टी कराव्यात.

१. साइड स्टँडवरून गाडी सरळ करावी आणि पुन्हा स्टँडवर ठेवावी.
२. गाडीवर बसून पायांनी रेटत ती दहा पावले मागे न्यावी.
३. खाली उतरून, हँडल धरून, गाडी ढकलत पूर्ण वळण घ्यावे.
४. मधल्या स्टँडवर चढवून पाहावी. येथे हातांची ताकद न लावता स्टँडच्या दांड्यावर शरीराचा संपूर्ण भार द्यावयाचा असतो.
५. सपाट जागेबरोबरच किंचित उतार असलेल्या जागीही पाय टेकतो का, ते पाहावे.

यांपैकी एखादी गोष्ट जमली नाही तर लगेच निराश होऊ नये, परंतु दोन-तीन गोष्टी जमत नसतील तर दुसरी गाडी पाहावी.

आसन खाली करून घ्यावे काय?

आसनाचा फोम कापून उंची कमी करून देणारे कारागीर बहुतेक शहरांत आहेत. दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंतची घट साधारणतः चालते. त्याहून अधिक फोम काढल्यास बैठक कठीण होऊन लांबच्या प्रवासात पाठ दुखते. उंची तेवढीच ठेवून पुढचा भाग निमुळता करून घेतला तरी पाय बराच खाली पोहोचतो. काही कंपन्या स्वतःच कमी उंचीचे आसन देतात. रॉयल एन्फील्ड हिमालयन ४५० चे आसन ८२५ मि.मी. उंचीवर असते, तर तिचे पर्यायी आसन ८०५ मि.मी. वर येते.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून किंवा लहान चाके बसवून गाडी खाली आणणे मात्र टाळावे. त्यामुळे गतिरोधकावर गाडीचा तळ घासतो, साइड स्टँड लांब पडून उभी गाडी डगमगते आणि वळणावरील वर्तन बदलते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही.

परवाना आणि शिरस्त्राण

गिअर नसलेल्या दुचाकीचा परवाना मोटारसायकलीसाठी चालत नाही. 'गिअरसह मोटारसायकल' या वर्गाचा स्वतंत्र परवाना लागतो आणि त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. शिकाऊ परवाना असताना गाडीवर 'एल' हे चिन्ह लावावे आणि मागे प्रवासी बसवू नये. शिरस्त्राण भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेलेच घ्यावे. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी अशाच शिरस्त्राणांची विक्री करता येते. लहान डोक्याला मोठ्या मापाचे शिरस्त्राण धोक्याचे असते, त्यामुळे मापाबाबत तडजोड करू नये.

सुरुवातीच्या सरावातील दक्षता

पहिले काही दिवस मोकळ्या मैदानावर केवळ निघणे आणि थांबणे यांचाच सराव करावा. हँडल वळलेले असताना, अगदी कमी वेगात, पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. गाडी त्याच बाजूला कोसळते. थांबण्यापूर्वी पाय कोठे टेकणार, ती जागा पाहून घ्यावी. रस्त्याच्या डाव्या कडेला उतार असतो, त्यामुळे तेथे डावा पाय अपेक्षेपेक्षा खाली जातो. खडी, वाळू किंवा खड्डा असेल तर थोडे पुढे-मागे थांबावे.

गाडी उभी करताना तिचे तोंड उताराच्या खालच्या दिशेने भिंतीकडे करू नये, कारण ती चढावर मागे ओढणे कमी उंचीच्या चालकाला अवघड जाते. मागचे चाक आधी आत घालून गाडी उभी केली की निघताना श्रम पडत नाहीत. मागे बसणाऱ्या व्यक्तीने चालकाने सांगितल्यावरच बसावे व उतरावे. एका बाजूला पाय सोडून बसण्याने थांबलेल्या गाडीचा तोल जातो, म्हणून हात बसेपर्यंत मागे कोणालाही अशा रीतीने बसवू नये.

गाडी पडू लागलीच, आणि ती अर्ध्याहून अधिक कलली असेल, तर तिला रोखण्याचा प्रयत्न न करता पाय बाजूला काढून ती पडू द्यावी. तुटलेला आरसा किंवा वाकलेला दांडा थोड्या खर्चात बदलता येतो. गाडीखाली सापडलेला पाय बरा होण्यास काही महिने लागू शकतात.