मॅट्रिकचे शब्द

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. त्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. हीच परीक्षा पुढें ‘मॅट्रिक’ या नांवानें घरोघर ओळखली जाऊं लागली. कॉलेजचा दरवाजा उघडावयाचा तर ती उत्तीर्ण होणें भाग होतें, आणि ती उत्तीर्ण व्हावयाची तर इंग्रजी शब्दांचा सांठा जवळ असणें भाग होतें. इंग्रजीची परीक्षा तर असेच. शिवाय अनेक दशकें इतर विषयांचीं उत्तरेंहि मुख्यत्वें इंग्रजींतच लिहावीं लागत. एखाद्या मुलास इतिहास उत्तम येत असला, तरी तो सांगण्यास परका शब्द वेळेवर आठवला नाहीं म्हणजे त्याचें ज्ञान मुकें राही.

मुंबईच्या मुलाच्या कानांवर इंग्रजी थोडीबहुत तरी पडे. साताऱ्याच्या पेठेंत किंवा सांगलीच्या कृष्णाघाटावर ती कोठून पडणार? हा सारा मुलूख तेव्हां एकमेकांत गुंतलेला होता. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यांत मोडे, आणि खुद्द सांगली ही पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. १९४९ सालीं ‘दक्षिण सातारा’ असा निराळा जिल्हा झाला, व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. या कृष्णाकांठच्या मुलांना इंग्रजी शब्द भेटत ते पुस्तकांतूनच.

तीं पुस्तकें कोणतीं? मोल्स्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, व त्याची दुसरी आवृत्ति बरोबर विद्यापीठाच्याच सालीं, १८५७ मध्यें, प्रसिद्ध झाली. मोल्स्वर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. निळकंठ बाबाजी रानडे यांचा विस्तृत इंग्रजी-मराठी कोश विसाव्या शतकाच्या आरंभींचा. परंतु असे जाडजूड ग्रंथ सामान्य विद्यार्थ्याच्या घरीं कोठून असणार? त्याच्या दप्तरांत असत तीं हॉवर्डचीं इंग्रजी वाचनपुस्तकें आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला.

या साहित्यानें शब्द शिकण्याच्या दोन तऱ्हा पडल्या. एक तऱ्हा अशी कीं, वहीच्या पानावर उभी रेघ ओढावी, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ, आणि सकाळसंध्याकाळ घोकंपट्टी करावी. दुसरी तऱ्हा भाषांतराची. मराठी वाक्याचें इंग्रजी करावें, इंग्रजीचें मराठी करावें, आणि योग्य शब्द सांपडेपर्यंत थांबूं नये. पहिलीनें शब्द पाठ होत. दुसरीनें ते आपलेसे होत.

या दुसऱ्या तऱ्हेचें उदाहरण साताऱ्यांतच घडलें. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलांत, नऊ वर्षांच्या एका मुलाचें नांव इंग्रजी पहिलींत दाखल झालें. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. वडील सुभेदार रामजी यांनीं पूर्वीं लष्करी शाळेंत मुख्याध्यापकाचें काम केलेलें होतें. त्यांनीं मुलाकडून हॉवर्डचीं पुस्तकें पाठ करून घेतलीं, तर्खडकरांची पाठमाला करून घेतली, आणि इंग्रजी शब्दास नेमका मराठी शब्द कसा शोधावा हें शिकविलें. पुढें कुटुंब मुंबईस परळच्या चाळींत एका खोलींत राहावयास आलें. तेथें वडील मुलास रात्रीं दोन वाजतां अभ्यासास उठवीत, आणि पुस्तकांसाठीं पैसे नसले म्हणजे लेकींकडे हात पसरीत. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनहि अस्पृश्य म्हणून मुलास ती भाषा शाळेंत मिळाली नाहीं. फारसी घ्यावी लागली. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला. त्या वेळीं त्याच्या समाजांत ही गोष्ट इतकी अपूर्व होती कीं, तिच्याकरितां अभिनंदनाची सभा भरली.

शब्द असे दोन्ही भाषांत तोलून घेण्याची संवय परीक्षेनंतरहि कामास येते. कऱ्हाडजवळच्या टेंभूंत जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर यांनीं दारिद्र्याशीं झगडत कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असा शिक्षणाचा प्रवास केला व १८७५ सालीं ते मॅट्रिक झाले. त्यांनीं शेक्सपिअरचें ‘हॅम्लेट’ मराठींत आणलें. तें ‘विकारविलसित’ १८८३ सालीं निघालें. सांगलीशेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनीं ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचलें. परक्या शब्दास घरचा शब्द शोधण्याचा तोच उद्योग येथें मराठी रंगभूमीच्या कारणीं लागला.

परंतु ज्या घरीं शेजारीं बसून शब्द सांगणारें कोणीच नाहीं, त्या घरच्या मुलानें काय करावें? रामजी सुभेदारांसारखा पिता सर्वांच्या नशिबीं नसतो. हा प्रश्न भाऊराव पाटील यांनीं ओळखला. ते स्वतः मॅट्रिकपर्यंत पोंचले नव्हते. १९१९ सालीं त्यांनीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ पासून साताऱ्यास वसतिगृह चालविलें. तेथें नाना जातींचीं खेड्यांतील मुलें एकत्र राहिलीं, जेवलीं, शिकलीं. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असें नांव देण्यांत आलें. इकडे सांगलीस १९१९ सालीं विलिंग्डन कॉलेज निघालें होतें. साताऱ्यास रयतचें छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ सालीं निघालें. मॅट्रिकनंतर या मुलुखांतील मुलास दूरचीच वाट धरावी लागे, तें कारण उरलें नाहीं.

मॅट्रिक गेली, तरी शब्दांची परीक्षा गेली नाहीं. अमेरिकेंत कॉलेजप्रवेशासाठीं १९२६ च्या जूनमध्यें ‘सॅट’ ही परीक्षा प्रथम घेण्यांत आली. तिला ८,०४० उमेदवार बसले. तींत विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न होते, आणि याद्या घोकणें हा त्या देशांतहि विद्यार्थ्यांचा धर्म होऊन बसला. १९९४ सालीं ते प्रश्न काढून टाकण्यांत आले आणि उताऱ्यांतील शब्दाच्या अर्थावर भर देण्यांत आला. आपल्याकडे केंद्रीय विद्यापीठांसाठीं २०२२ पासून सामाईक प्रवेशपरीक्षा सुरू झाली. तिच्या भाषाविभागांतहि शब्दसंग्रह तपासला जातो.

म्हणून आजच्या घरांतहि मुलापुढें शब्दांची यादी ठेवण्याचा प्रसंग येतोच. यादी अवश्य ठेवावी. पण वडीलधाऱ्यांनीं क्षणभर शेजारीं बसावें, आणि त्या शब्दास आपल्या बोलींत काय म्हणावें एवढें मुलास विचारावें. साताऱ्याच्या सुभेदारांनीं एवढेंच केलें होतें.